कोलेस्टेरॉलची गोळी चुकली, तर या चुका टाळा

रात्री जेवणानंतर घ्यायची कोलेस्टेरॉलची गोळी राहून गेली, हे अनेकांच्या लक्षात येते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चगेटच्या गाडीत उभे राहिल्यावर, आणि मग राहिलेल्याची भरपाई म्हणून संध्याकाळी घरी येताच दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. या बाबतीतली सर्वांत मोठी चूक हीच आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन यांसारखी औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया रोखतात आणि त्यांचा परिणाम रोजच्या डोसांतून काही आठवड्यांत साठत जातो. म्हणून एखादा डोस चुकल्याने फारसे बिघडत नाही, आणि दुप्पट घेतल्याने काही भरूनही निघत नाही. मात्र स्नायूदुखीसारख्या दुष्परिणामांची शक्यता वाढते, विशेषतः वयस्कर व्यक्तींत आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत. चुकून दोन गोळ्या गेल्याच असतील तर घाबरू नये. पण अंग असह्य दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

मग नेमके करावे काय? या दोन औषधांबाबत सर्वसाधारण नियम असा, की पुढच्या डोसला 12 तासांहून अधिक अवधी असेल तर गोळी आठवताच घ्यावी, अन्यथा सोडून द्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी. रात्री 10 ची गोळी सकाळी 8 ला आठवली तर घेता येते. दुपारी 1 ला आठवली तर रात्रीचीच घ्यावी. शंका असेल तर सोडून देणे अधिक सुरक्षित. सिम्व्हास्टॅटिन मात्र कमी काळ टिकणारे आणि रात्रीच घ्यायचे औषध आहे, त्यामुळे ते थेट पुढच्या रात्री घ्यावे.

एक अपवाद मी आवर्जून सांगेन. अँजिओप्लास्टी झालेल्या अनेकांच्या कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही असते. तिथे चुकते ते रक्त गोठू न देणारे औषधही, आणि स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, नवा असेल तर ही हयगय जिवावर बेतू शकते. अशांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारून, डोस चुकल्यास काय करायचे ते लिहून ठेवावे.

गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर पुन्हा घेऊ नये. पाकिटावर पेनाने तारखा लिहून ठेवल्या, तर हा प्रश्नच उरत नाही. संकष्टी किंवा एकादशीच्या उपवासाला गोळी टाळण्याचेही कारण नाही, कारण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रिकाम्या पोटीही घेता येतात.

खरी हानी होते ती सलग खंड पडल्याने. गणपतीला कोकणात जाताना पाकीट मुंबईतल्या घरीच राहते आणि परत आल्यावर ‘आता रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून गोळी सुरूच होत नाही. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. ती थांबवल्यावर काही आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, बहुधा पूर्वपदावर येते. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असावा, म्हणजे गावच्या केमिस्टकडेही तेच औषध त्याच मिलिग्रॅमचे मागता येते.

या खंडाबद्दल डॉक्टरांपासून लपवणे ही त्याहून गंभीर चूक आहे. महिनाभरात निम्म्या गोळ्या राहिल्या असताना ‘नियमित घेतो’ असे सांगितले, तर वाढलेला एलडीएल पाहून डॉक्टर डोस वाढवतात, आणि रुग्णाला गरज नसलेली मोठी मात्रा सुरू होते. शेवटची लोकल पकडून घरी येणाऱ्याची रात्रीची गोळी वारंवार राहत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कोणत्याही ठरावीक वेळी चालत असल्याने, डॉक्टर ती सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीसोबत बसवून देऊ शकतात.