अंक आधी बोटांना कळू द्या

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना एक ते वीस घडाघडा म्हणायची. हिला अंक येतात, असं आम्ही धरूनच चाललो होतो. एकदा मी कागदावर मोठा ५ काढला आणि विचारलं, "हा कोणता गं?" तिने त्यावर बोट ठेवलं आणि "एक, दोन, तीन…" सुरू केलं, ते थेट वीसपर्यंत.

'पाच' हा शब्द, ५ ही आकृती आणि समोरच्या पाच वस्तू या लहान मुलासाठी तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. शब्द पाठांतराने येतो. या तिन्हींची गाठ मात्र मुलाच्या हाताकडूनच मारून घ्यावी लागते.

आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडले ते खरखरीत अंक. माँटेसरी पद्धतीत ते वापरतात आणि घरी सहज होतात. जाड पुठ्ठ्याचे तळहातापेक्षा थोडे मोठे तुकडे घ्या. पॉलिश पेपरमधून ० ते ९ अंक कापून त्यांवर चिकटवा. पेपर बारीक कणांचाच घ्या, जाडाभरडा बोटाला बोचतो. कात्री जुनी वापरा, कारण तिची धार जातेच. मुलाने तर्जनी आणि मधलं बोट जोडून, आपण अंक लिहितो त्याच दिशेने तो गिरवायचा आणि गिरवता गिरवता नाव घ्यायचं. माझी लेक डोळे मिटून गिरवायची. हे मी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच काढलं, आणि त्या आठवड्यात तिला अंक जास्त पक्के झाले.

एका वेळी दोन किंवा तीनच अंक घ्या. आधी नुसतं सांगायचं: "हा दोन, हा चार." मग मागायचं: "चार दे बघू. दोन उशीखाली लपव." या मागण्यांमध्ये भरपूर खेळा, खरी मजा इथेच आहे. "हा कोणता?" हे सगळ्यात शेवटी विचारायचं, कारण आठवून सांगणं ओळखण्यापेक्षा अवघड असतं. चुकलं तर 'चूक' म्हणू नका. पत्ते उचला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

३ आणि ६ एकाच दिवशी शिकवू नका. दोघं एकमेकांची उलटी छबी आहेत. १ आणि ९ सुद्धा असेच फसवतात. एक अंक पक्का झाला की मगच दुसरा आणा. पुढे लिहायला लागल्यावरही मुलं अंक उलटे काढतात. या वयात ते नेहमीचंच आहे, त्यावरून रागावू नका.

आकृतीला संख्येशी जोडायला कपड्यांचे चिमटे छान. ४ च्या पत्त्याच्या कडेला चारच चिमटे लावायचे. चिमटा दाबताना पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांनाही बळ येतं. लावून झाले की "किती झाले?" विचारा. मूल पुन्हा एकपासून मोजत बसलं, तर शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. अशा वेळी तुम्हीच म्हणा, "एक, दोन, तीन, चार. चार चिमटे!" मूल तीन वर्षांहून लहान असेल तर बटणं, मणी असल्या तोंडात जाणाऱ्या वस्तू नकोतच.

खेळ पाच-दहा मिनिटं पुरे. मूल उठून गेलं तर जाऊ द्या.

शून्य मात्र वगळू नका. पत्ता उलटायचा आणि त्यावर असेल तितक्या उड्या मारायच्या, असा आमचा खेळ होता. पहिल्यांदा ० निघाला तेव्हा लेकीने गुडघे वाकवले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्त्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून ती उभी राहिली आणि कुजबुजली, "बाबा, मी शून्य उड्या मारतेय."