वाफसा नाही, तर रानात चाक नाही

परतीचा पाऊस उघडून दोन दिवस होत नाहीत, तोच सोयाबीनच्या मोकळ्या रानात रोटाव्हेटर फिरायला लागतो. भाड्याचा ट्रॅक्टर आज आहे, उद्या मिळेल न मिळेल, ही घाई कळते. पण याच घाईत सोयाबीनमागचा हरभरा हातचा जाताना दरवर्षी बघतोय. वाफसा, म्हणजे माती चिकट न राहता मोकळी होईल इतकीच ओल, आल्याशिवाय काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका.

गेल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात माना टाकलेली हरभऱ्याची झाडं खणून पाहिली. वरची चार बोटं माती पिठासारखी, खाली ओल्यात चाकांनी दाबलेला विटेसारखा थर. सोटमूळ त्या थरावर टेकून आडवं वळलेलं, टोक जाड झालेलं. वीतभर खाली ओल होती, मूळ तिथवर पोचलंच नव्हतं. शेतकऱ्याने मर रोग समजून दोनदा मुळाशी औषधाची आळवणी केली होती.

घट्ट मातीत मुळाचा जोर पुरत नाही, असंच आपण धरून चाललो होतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातले बिपिन पांडे, माल्कम बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2021 साली वेगळंच दाखवलं. मूळ स्वतः इथिलीन वायू सोडतं. भुसभुशीत मातीतल्या पोकळ्यांतून तो निघून जातो. दबलेल्या मातीत तो मुळाभोवती साचतो आणि मुळाची वाढ थांबते. ज्या भातरोपांना इथिलीन जाणवतच नाही, त्यांची मुळं तशाच घट्ट मातीत खाली उतरली. प्रयोग हरभऱ्यावर नव्हता, पण मी खणून पाहिलेलं मूळ त्याच्याशी जुळतं.

आता दुकानात ‘रूट बूस्टर’ची बाटली पुढे करतील. माती दबलेली असताना ती बाटली वायूला वाट करून देणार नाही. पैसे राखा.

चार बोटं खालची माती मुठीत दाबून लाडू करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा. चपटा झाला तर थांबा. भारी रानात कडक उन्हाचे पाच-सहा दिवस लागतात, हा माझा अंदाज.

हरभऱ्याचं बाकी नेहमीचं:
- पेरणी: जिरायत 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, बागायत 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर
- अंतर 30 × 10 सें.मी.
- बियाणं हेक्टरी: विजय 65-70 किलो, टपोरे वाण 100 किलो
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम, मग रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) 10 किलोला 250 ग्रॅम
- डीएपी खत हेक्टरी 125 किलो

तारीख चार दिवस पुढे गेली तरी चालेल, ओल्यात पेरू नका. जमेल तिथे पेरणीला बैलांची पाभर धरा. ट्रॅक्टरच असेल तर चाकं एकाच मागावरून फिरवा. रान आधीच दबलं असेल तर सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) आत्ता घालू नका, ओल्या मातीत तो नुसती चीर पाडतो. एप्रिल-मेमध्ये रान तडकलं की घाला.