कन्नड भाषकांना इंग्रजी ‘हॅव’ कसे शिकवावे

जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि सीमेपलीकडे बेळगाव-निपाणीकडे मराठी व कन्नड घरांतली मुले शेजारी-शेजारी वाढतात. अशा मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्याने ‘हॅव’ या शब्दाला एकच कन्नड प्रतिशब्द देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा. शब्दकोशात ‘होंदिरु’ सापडतो खरा. पण ‘नानु इब्बरु मक्कळन्नु होंदिद्देने’ असे घरात कोणी बोलत नाही, जसे आपण ‘मी दोन मुले बाळगून आहे’ असे म्हणत नाही.

रोजच्या कन्नडात मालकीचा सारा व्यवहार ‘इरु’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदावर चालतो. नाते, आजार किंवा वस्तूचा भाग सांगायचा असेल तर चतुर्थीचा ‘गे’ लागतो: ‘ननगे इब्बरु मक्कळिद्दारे’, ‘ननगे ज्वर इदे’ (मला ताप आहे), ‘ई मनेगे एरडु बागिलु इवे’ (या घराला दोन दारे आहेत). हाताशी असलेल्या वस्तूसाठी ‘हत्तिर’ म्हणजे ‘जवळ’ येते: ‘नन्न हत्तिर दुड्डु इदे’. मराठीतही ‘मला दोन मुले आहेत’ आणि ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ अशीच वाटणी असल्यामुळे मराठी शिक्षकाला ही अडचण आतून कळते. भाषेचे अभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवार गावच्या मराठी, कन्नड व उर्दू बोलींविषयी लिहिताना, तेथील वाक्ये शब्दाला शब्द ठेवून एका बोलीतून दुसरीत नेता येतात असे दाखवले होते. सीमाभागात शिकवणाऱ्याला याचे फारसे नवल वाटणार नाही.

पहिला धडा कर्त्याचा असावा. ‘अवनिगे इब्बरु मक्कळिद्दारे’ (त्याला दोन मुले आहेत) या वाक्यातले ‘इद्दारे’ हे अनेकवचन मुलांमुळे आले आहे. ‘अवनिगे’चा त्याच्याशी काही संबंध नाही. हीच सवय इंग्रजीत उतरली की विद्यार्थी ‘ही हॅव टू चिल्ड्रन’ असे लिहितो, कारण मुले दोन आहेत. ‘ही, शी, इटला हॅज’ हे सूत्र त्याला तोंडपाठ असते, तरी चूक होते, कारण क्रियापद कोणाकडे पाहून बदलायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फळ्यावर कन्नड वाक्य लिहावे, ‘अवनिगे’ पुसून तेथे ‘अवनु’ म्हणजे ‘तो’ करावे आणि त्याच्या शेजारी ‘हॅज’ मांडावे. मग ‘मक्कळु’च्या जागी ‘मने’, ‘ज्वर’, ‘एरडु एम्मे’ असे एकेक शब्द ठेवून पाहावेत. म्हशी दोन झाल्या तरी ‘हॅज’ जागचे हलत नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले पाहिजे.

नकाराला वेळ कमी लागतो. कन्नडातला ‘इल्ल’ म्हणजे ‘नाही’ कोणत्याही कर्त्याबरोबर तसाच राहतो. इंग्रजीत मात्र ‘डोन्ट हॅव’ आणि ‘डझन्ट हॅव’ अशी दोन रूपे आहेत, आणि ‘डझन्ट’नंतर ‘हॅज’ येत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ ही चूक एकट्या कन्नड भाषकांची नाही. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतही ती सुखेनैव नांदते. नाते, मालकी आणि आजार यांना ‘हॅविंग’ लावू नये. जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ अगदी योग्य आहे.

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर कर्नाटकातल्या ‘ऊट आय्ता?’ या प्रश्नाकडे वळावे. आपल्या ‘जेवण झाले का?’ सारखाच तो कुशल विचारण्याचा प्रश्न आहे. त्याचे इंग्रजी ‘हॅव यू हॅड लंच?’ असे होते आणि त्यात ‘हॅव’ दोनदा येते, त्यामुळे विद्यार्थी बिचकतो. त्याला सांगावे की दुसरे ‘हॅड’ म्हणजे जेवणे, आणि पहिले ‘हॅव’ केवळ काळ दाखवणारे. कन्नड ‘बंदिद्दाने’ सोडवून ‘बंदु’ आणि ‘इद्दाने’ असे दोन तुकडे केले की आपल्या ‘आला आहे’ची जोडी समोर येते. ‘असणे’च्या जागी इंग्रजी येथे ‘हॅव’ वापरते, म्हणून ‘ही हॅज कम’. येथेच आणखी एक खड्डा आहे. कन्नडात ‘निन्ने बंदिद्दे’ आणि मराठीत ‘काल आलो होतो’ हे सहज बोलले जाते. त्यावरून तयार होणारे ‘आय हॅड कम येस्टरडे’ मात्र, मागेपुढे दुसरी भूतकाळातली घटना नसेल तर, चुकीचे ठरते. तेथे ‘आय केम येस्टरडे’ एवढेच पुरते. ही चूक मोडायला सर्वांत जास्त दिवस लागतात, कारण शिकवणारा मराठी शिक्षकही ती करत असतो.

केस कापून आल्यावर ‘आय कट माय हेअर’ म्हणणाऱ्याला त्याच्याच भाषेतला ‘इसु’ दाखवावा. ‘माडु’ म्हणजे करणे, ‘माडिसु’ म्हणजे करवणे. हा ‘इसु’ इंग्रजीत ‘हॅव’ने व्यक्त होतो आणि वाक्य ‘आय हॅड माय हेअर कट’ असे बनते. ‘कट’ शेवटी आले पाहिजे, नाहीतर कात्री पुन्हा त्याच्याच हातात जाते.

उच्चाराविषयी थोडेसे. मराठीत ‘हॅ’साठी स्वतंत्र चिन्ह आहे, कन्नड लिपीत ते नसल्यामुळे तेथे ‘ह्याव्’ असे लिहितात आणि मुले तसेच वाचतात; म्हणून हा शब्द आधी कानाने शिकवावा आणि मग डोळ्यांनी. ‘हॅव टू’ जलद बोलताना ‘हॅफ टू’ असे ऐकू येते, हेही त्याच वेळी सांगावे.

या ‘हॅव टू’साठी कन्नडात ‘बेकु’ आहे. ‘ननगे काफी बेकु’ म्हणजे कॉफी हवी, आणि ‘नानु होगबेकु’ म्हणजे मला जायला हवे. दुसऱ्या वाक्याचे इंग्रजी ‘आय हॅव टू गो’, आणि ‘होगबेकायितु’चे ‘आय हॅड टू गो’. खरी काळजी नकारात घ्यावी लागते. ‘होगबेकागिल्ल’ म्हणजे जायची गरज नाही, ‘होगबारदु’ म्हणजे जाता कामा नये. पहिल्यासाठी ‘डोन्ट हॅव टू गो’ आणि दुसऱ्यासाठी ‘मस्ट नॉट गो’ ही जोडी पक्की करून घ्यावी. नाहीतर ‘तुम्ही मुद्दाम यायची गरज नाही’ असे नम्रपणे कळवू पाहणारा विद्यार्थी ‘यू मस्ट नॉट कम’ असे लिहून पाहुण्याला दारातूनच परत पाठवील.