ब्राम्सचा पहिला व्हायोलिन सोनाटा शिकताना

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सचा जी मेजर या स्वरमालिकेतला सोनाटा (व्हायोलिन आणि पियानोसाठीची तीन भागांची रचना), ओपस म्हणजे रचना-क्रमांक ७८, मी शिकायला घेतला तेव्हा पहिले तीन महिने केवळ व्हायोलिनची ओळ घोटत होतो. सूर लागत होते, बोही (व्हायोलिनचा गज) सरळ चालत होता. मात्र पियानोबरोबर पहिल्यांदा बसलो आणि पहिल्याच पानावर सगळे विस्कटले. ब्राम्सने शीर्षकात पियानोचे नाव व्हायोलिनच्या आधी घातले आहे. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून दोन्ही वाद्यांचे स्वरलेखन समोर ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

त्याही आधी एक गीत ऐकावे. क्लाउस ग्रोट यांच्या कवितेला ब्राम्सने १८७३ मध्ये चाल दिली होती. त्या गीताचे नाव ‘रेगनलीड’, म्हणजे पाऊसगाणे. सोनाटाचा तिसरा भाग याच चालीने सुरू होतो आणि तिच्याखाली पियानोचे झरझरते स्वर पावसासारखे अखंड चालू राहतात. चालीच्या आरंभी डी हा एकच स्वर तीनदा येतो, मधला अगदी तोकडा. हाच ठेका पहिल्या भागाच्या पहिल्या तीन स्वरांतही आहे, हे गीत ऐकेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. ते कळल्यावर त्या स्वरांवर बोचा दाब देण्याची माझी सवय आपोआप सुटली.

ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख या तळ्याकाठच्या गावी १८७८ आणि १८७९ च्या उन्हाळ्यांत हा सोनाटा लिहिला गेला. या दोन उन्हाळ्यांच्या मध्ये, फेब्रुवारी १८७९ मध्ये, क्लारा आणि रॉबर्ट शुमान या संगीतकार दांपत्याचा धाकटा मुलगा फेलिक्स क्षयाने वारला. तो ब्राम्सचा धर्मपुत्र. व्हायोलिन वाजवणारा, कविता लिहिणारा, अवघ्या चोवीस वर्षांचा. तो आजारी असतानाच ब्राम्सने दुसऱ्या भागाची सुरुवात क्लाराला पत्रातून पाठवली होती. या भागाच्या मध्यावर शोकयात्रेसारखी जड चाल येते. ती तालात, न रेंगाळता वाजवावी, कारण लय सैल सोडली की दुःख नुसते दाखवण्यापुरते उरते.

दुसऱ्या भागाची तीच धून तिसऱ्या भागात पुन्हा येते, आणि उदास छटेच्या मायनरमध्ये सुरू झालेला पाऊस शेवटी उजळ मेजरमध्ये निवळतो. हा शेवटचा भाग परलोकीच्या प्रवासात आपल्यासोबत असावा, अशी इच्छा क्लाराने ब्राम्सला कळवली होती. तिथे मी आता बो हलका ठेवतो आणि पियानोकडे कान लावतो.