बँकेच्या नावाने आलेला मेल : या चुका टाळा

‘प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची केवायसी माहिती अद्ययावत नसल्यामुळे आपली नेटबँकिंग सेवा आज रात्री १२ वाजता बंद करण्यात येईल. सेवा सुरू ठेवण्यासाठी खालील बटणावर क्लिक करा.’ बँकेत खाते आणि हातात स्मार्टफोन असलेल्या बहुतेकांना या धाटणीचा मेल कधी ना कधी आलेला असतो. त्यावर बँकेचे बोधचिन्ह असते, खाली नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असतो, आणि तळाशी ‘आपला ओटीपी कोणालाही सांगू नका’ अशी साळसूद सूचनाही असते. असे मेल ओळखण्याच्या ज्या खुणा वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक आता कुचकामी झाल्या आहेत, आणि त्याच खुणांवर विसंबल्यामुळे एरवी सावध असलेली माणसेही फसतात.

अशुद्ध भाषेवरून मेल ओळखू येईल असे मानणे

मोडकेतोडके इंग्रजी आणि चुकलेली स्पेलिंगे ही एकेकाळी खरोखरच उपयोगी खूण होती. आता बँकेचा अस्सल मेल जसाच्या तसा उचलून त्यातली फक्त लिंक बदलली जाते, आणि नवा मजकूर हवा असेल तर तो संगणकाकडून निर्दोष लिहून घेता येतो. उलट, बँकांचे खरे मराठी संदेश अनेकदा इतके यांत्रिक भाषांतरातून उतरलेले असतात की शुद्धलेखनाची कसोटी लावली तर तेच आधी नापास होतील. तेव्हा भाषा सदोष असेल तर संशय जरूर घ्यावा, पण निर्दोष आहे म्हणून तो सोडू नये.

केवायसीचा प्रत्येक मेल खोटाच असतो असे समजणे

हा सल्ला सोपा आहे, पण पुरता खरा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खातेदारांची केवायसी ठरावीक काळाने अद्ययावत करावी लागते. जास्त जोखमीच्या गटातील खातेदारांसाठी हा काळ किमान दर २ वर्षांनी एकदा, मध्यम जोखमीच्या गटासाठी ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या गटासाठी १० वर्षांनी एकदा असा आहे. त्यामुळे बँकेकडून याविषयी खरी सूचना येऊ शकते, आणि सगळेच मेल कचऱ्यात टाकणाऱ्याचे खाते उद्या खरोखरच अडचणीत येऊ शकते.

फरक पाहायचा तो मागणीच्या स्वरूपात. खरे काम शाखेत जाऊनही होते. पत्त्यात किंवा इतर माहितीत बदल झालेला नसेल, तर नोंदणीकृत मोबाइल वा ई-मेलवरून, नेटबँकिंगमधून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून तसे स्वयंघोषणापत्र देण्याची सोयही असते. खोट्या मेलमध्ये मात्र हे काम याच बटणावरून आणि आजच झाले पाहिजे असा आग्रह धरलेला असतो. तुम्ही शाखेत फोन करू नये, एवढ्यासाठीच मध्यरात्रीची मुदत घातलेली असते.

पाठवणाऱ्याचे नाव वाचणे, पत्ता न वाचणे

मोबाइलवर मेल उघडला की वर ठळक अक्षरांत फक्त नाव दिसते. ते नाव पाठवणारा स्वतः लिहितो, त्यामुळे तेथे कोणत्याही बँकेचे नाव घालता येते. नावावर बोट दाबले की त्यामागचा खरा पत्ता उघडतो, आणि पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते, कारण बँकेच्या नावामागे एखाद्या खासगी मोफत मेलसेवेचा पत्ता निघतो.

पत्ता वाचण्याची रीत मात्र नीट माहीत हवी, कारण आपण डावीकडून वाचतो आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातील बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचा ठरावीक शेवट, जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असे सांगितले. हे डोमेन हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेमार्फतच मिळते, त्यामुळे कोणाही सोम्यागोम्याला ते विकत घेता येत नाही. स्टेट बँकेचा पत्ता आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असा संपतो. पण समजा लिंक ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-तपासणी डॉट कॉम’ अशी असेल, तर डावीकडची ओळखीची अक्षरे पाहून आपण निर्धास्त होतो, आणि ते संकेतस्थळ असते ‘केवायसी-तपासणी डॉट कॉम’ नावाच्या भलत्याच कोणाचे. म्हणून सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पत्त्यातील पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जावे आणि तेथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावे. रेघेच्या लगेच आधी ‘बँक डॉट इन’ आणि त्याच्या आधी आपल्या बँकेचे नाव असेल, तरच तो पत्ता बँकेचा. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही रोमन अक्षरे चिकटवून बसवली असतील, तर सगळेच बदलले. लहान पडद्यावर ही शेवटची चलाखी चष्मा लावूनही दिसेलच असे नाही.

संकेतस्थळाचा पत्ता ओळखायला ‘बँक डॉट इन’ ही खूण भक्कम आहे. मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्याला मात्र तेवढे वजन देऊ नये, कारण तो पत्ता बनावट लावता येतो. जीमेलमध्ये संगणकावर मेलशेजारच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय आहे. मेल खरोखरच दाखवलेल्या डोमेनवरून आला आहे का, हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचा निकाल तेथे दिसतो. बँकेचा पत्ता दाखवणारा मेल यांत नापास झाला असेल, तर तो बँकेचा मानू नये. पास झाला, तर मात्र एवढेच सिद्ध होते की मेल त्या डोमेनच्या मालकानेच पाठवला आहे. तो मालक भामटा असला तरी तपासणी पासच होते.

कुलपाचे चिन्ह पाहून निश्चिंत होणे

पत्त्याच्या पट्टीतील कुलूप एवढेच सांगते की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे, याबद्दल ते काहीही सांगत नाही. या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते आणि बनावट संकेतस्थळेही ते घेतात. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूपच काढून टाकले.

ओटीपी आला म्हणजे समोर बँकच आहे असे धरून चालणे

पुष्कळ सुशिक्षित माणसे फसतात ती या टप्प्यावर. बनावट पानावर तुम्ही युजर आयडी आणि पासवर्ड भरता, त्याच क्षणी पलीकडची यंत्रणा किंवा माणूस तोच तपशील बँकेच्या खऱ्या संकेतस्थळावर भरतो. त्यामुळे बँकेचा खराखुरा ओटीपी नेहमीच्याच ठिकाणाहून तुमच्या मोबाइलवर येतो. ‘ओटीपी तर बँकेचाच आहे’ म्हणून उरलासुरला संशय जातो आणि तो आकडा बनावट पानावर भरला जातो. कोणाला काहीही ‘सांगितलेले’ नसते, तरी खात्याची किल्ली हातची गेलेली असते.

यावर उपाय म्हणजे ओटीपीचा संपूर्ण संदेश वाचणे. सूचनापट्टीवर फक्त आकडा पाहून तो भरण्याची सवय मोडली पाहिजे. तुम्ही केवायसी करत आहात आणि संदेशात मात्र नवा लाभार्थी जोडण्याचा, नवे उपकरण नोंदवण्याचा किंवा अमुक रकमेच्या खरेदीचा उल्लेख आहे, तर तिथेच थांबावे. दुसरी मदत पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सुविधेची होते. ती पासवर्ड पत्त्यानुसार भरते, त्यामुळे डोळ्याला हुबेहूब दिसणाऱ्या पानावरही ती गप्प राहते. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर तो हाताने भरण्याआधी पत्ता तपासावा.

जोडलेली फाइल निरुपद्रवी मानणे

बँकेचे मासिक विवरण पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे फसवणारेही तशीच फाइल जोडतात. एचटीएमएल प्रकारची, म्हणजे वेबपानाची, फाइल उघडली की लॉगिनचे बनावट पान तुमच्याच संगणकावर उघडते. मेलमधील क्यूआर कोड ही चित्राच्या वेषातली लिंकच असते. एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, तर कोणत्याही बँकेच्या नावाने आली तरी बसवू नये. अ‍ॅप घ्यायचे ते अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधून.

वरच्या सगळ्या परीक्षा उपयोगी आहेत, पण त्यांवरच भिस्त ठेवू नये, कारण घाईत, प्रवासात, कामाच्या रगाड्यात त्या आठवत नाहीत. त्यापेक्षा एकच शिस्त बाणवावी : मेल खरा असो वा खोटा, त्यातील वाटेने बँकेत जायचे नाही. आपले अ‍ॅप उघडावे, पत्ता स्वतः टाइप करावा किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. सूचना खरी असेल, तर ती तेथेही कळेल. कस्टमर केअरचा क्रमांक सर्च इंजिनमध्ये शोधू नये, कारण तेथे बनावट क्रमांक पेरलेले असतात. या बाबतीत बँकाही निर्दोष नाहीत. एकीकडे ‘लिंकवर क्लिक करू नका’ म्हणायचे आणि दुसरीकडे कर्जाच्या ऑफरचे रंगीत बटण असलेले मेल पाठवायचे, यातून खातेदाराला नको ती सवय बँकच लावते.

चूक झाल्यावर वेळ घालवणे

लिंक नुसती उघडली आणि काही भरले नाही, तर सहसा पान बंद करणे पुरते. फाइल किंवा अ‍ॅप उतरवले असेल, तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या उपकरणावरून पुढची पावले उचलावीत. पासवर्ड, कार्डाचा तपशील किंवा ओटीपी भरला असेल, तर आधी बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येतात का, हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून असते. त्यानंतर मेलचा पासवर्डही बदलावा आणि मेलच्या सेटिंगमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग किंवा फिल्टर बसवलेला नाही ना, हे पाहावे. बँकेचे इशारे तुमच्या नजरेस पडू नयेत म्हणून असे फिल्टर लावले जातात. मूळ मेल पुरावा असतो, तो रागाच्या भरात काढून टाकू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराच्या दायित्वाची चौकट घालून दिली. त्यानुसार चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास भार मर्यादित असतो. सर्वसाधारण बचत खात्यासाठी ही मर्यादा १०,००० रुपये आहे. मात्र गोपनीय तपशील ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास पदरचा पैसा खातो. परदेशात राहणाऱ्या मराठी खातेदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्यांचे भारतातील सिमकार्ड बंद पडले आहे, त्यांना व्यवहाराची सूचना अनेकदा केवळ मेलवर मिळते, आणि दिवस मात्र मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजले जातात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. म्हणून तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी ‘आपली रक्कम मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा रिझर्व्ह बँकेच्या नावाचा मेल आला, तर तोही त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून तुमची माहिती घेतलेल्या दुसऱ्या कोणाचा समजावा.