पहिल्या कॅमेऱ्यासाठी दुसरी लेन्स घेताना

कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५०० यांसारखा कॅमेरा हाताळायला लागल्यावर काही महिन्यांतच सोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स अपुरी वाटू लागते आणि दुसऱ्या लेन्सचा शोध सुरू होतो. दुकानात अशा वेळी ‘ही तुमच्या कॅमेऱ्याला बसते’ एवढेच सांगितले जाते. पण लेन्स बसणे वेगळे आणि तिची सगळी कामे त्या कॅमेऱ्यावर होणे वेगळे, म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन्ही तपासून घ्यावे.

पहिली तपासणी माउंटची, म्हणजे लेन्स ज्या कड्यात अडकते त्याची. १५००डीच्या कड्यावर लाल ठिपका आणि पांढरा चौकोन अशा दोन खुणा असतात. लाल खूण ईएफ लेन्ससाठी, पांढरी ईएफ-एस लेन्ससाठी. या कॅमेऱ्यावर दोन्ही चालतात. आरएफ लेन्स मात्र मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी असल्याने त्यावर बसतच नाही. निकॉनची अडचण अधिक फसवी आहे. डी३५००मध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिलिमीटर एफ/१.८डीसारखी जुनी लेन्स व्यवस्थित बसते, उजेडही मोजला जातो, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागतो. नवशिक्याने नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच लेन्स घ्यावी, कारण तिच्यात स्वतःची मोटर असते.

स्वस्त आणि मस्त म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स बहुतेकांना सुचवली जाते. या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्यामुळे कॅननवर तीच लेन्स फुल फ्रेमवरच्या (मोठ्या, ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ८० मिलिमीटरइतकी जवळची चौकट दाखवते. व्यक्तिचित्रांसाठी ती उत्तम आहे. परंतु घरातल्या पूजेला दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांना एका फोटोत घ्यायचे असेल, तर पाठ भिंतीला टेकली तरी माणसे मावत नाहीत. घरातले फोटो अधिक काढणाऱ्यांनी कॅननची २४ किंवा निकॉनची ३५ मिलिमीटरची लेन्स पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायची काच, घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवरचा आकडा वाचावा. तो व्यासाचा आकडा असतो, फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सच्या नावातल्या १८-५५ किंवा ५०सारखा, नव्हे. कॅननच्या १८-५५ला ५८ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, तर ५० एफ/१.८ एसटीएमला ४९चा. मोठा फिल्टर घेऊन लहान लेन्सवर तो बसवणारे कडे, म्हणजे स्टेप-अप रिंग, लावली की एकच फिल्टर दोन्हीकडे वापरता येतो.

फ्लॅशच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. १५००डीच्या हॉट शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे केवळ त्या एका बिंदूवर चालणारे साधे फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारे उपकरण) त्यावर पेटत नाहीत. कॅननसाठी बनवलेला ई-टीटीएल (लेन्समधून येणारा उजेड मोजून आपोआप जोर ठरवणारा) फ्लॅश घ्यावा आणि तो स्वतःच्याच कॅमेऱ्यावर लावून पाहावा. जादा बॅटरी घ्यायची असेल तर १५००डीसाठी एलपी-ई१० आणि डी३५००साठी ईएन-ईएल१४ए ही नावे लिहून न्यावीत.

वापरलेली जुनी लेन्स घेत असाल, तर दोन्ही टोपणे काढून मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ती लवकर धरते, आणि आतली साफसफाई हे घरी करण्याचे काम नाही. धागे दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स परत द्यावी. चांगली मिळाली तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि पावसाळाभर त्या पुड्या ओल धरताच बदलत राहाव्यात.