लाकूड कोरण्यासाठी स्वस्त चाकू: निवड आणि सुधारणा

बाजारातला स्वस्त चाकू लाकूड कोरायला आहे तसा चालत नाही. दोष बहुतेक वेळा पोलादाचा नसतो. धारेचा कोन, टोकाची जागा आणि मूठ या तीन गोष्टी भाजी चिरायला किंवा कलमं करायला म्हणून ठरवलेल्या असतात. त्या बदलल्या की तोच चाकू नीट कापतो. त्यामुळे पैसे नावावर घालवू नका, पोलादावर घाला.

कोणता घ्यावा

इंदुरात सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत चकचकीत स्टेनलेसच्या सुऱ्या आधी पुढे येतात. त्या बाजूला ठेवा आणि ‘जंग लगने वाला’ (गंजणारा) चाकू मागा, म्हणजे साधं कार्बन स्टील निघेल. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण सुऱ्यांचं बहुतेक स्टेनलेसही त्याला चिकटतं. त्यापेक्षा दुकानदाराला विचारून बारीक कानस धारेजवळ हलकेच फिरवा. ती निसटत, जेमतेम खरवडत गेली तर पातं कडक आहे. सहज चावली तर ठेवून द्या, त्याची धार टिकणार नाही.

पातं मुठीजवळ दीड ते दोन मिलिमीटर जाड आणि चार ते सहा सेंटिमीटर लांब असावं. एक मिलिमीटरची भाजीची सुरी जोर लावताच लवते आणि काप भरकटतो. लांब पात्याचं टोक हातापासून दूर राहतं, त्यामुळे त्यावर ताबा राहत नाही.

कलमाच्या घडीच्या चाकूचं पोलाद बरेचदा चांगलं असतं, पण दोन अडचणी येतात. धार एकाच बाजूने घासलेली असेल तर तो लाकडात एका अंगाला खोल शिरत जातो. शिवाय खटका नसेल तर टोकाने दाबताना पातं बोटांवर मिटतं. असं पातं काढून पक्क्या मुठीत बसवा, मगच वापरा.

लोहा मंडीच्या बाजूला किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापणाऱ्या यांत्रिक करवतीचं, मोडकं पातं मिळालं तर उत्तम. ते अखंड हायस्पीड स्टीलचं आहे ना, एवढं विचारून घ्या. काही पात्यांचे फक्त दातच कडक असतात आणि उरलेली पट्टी धारेच्या कामाची नसते. हाताच्या हॅक्सॉचं पातं फार पातळ, ते नकोच.

आधी टोक

कोरताना टोक धारेच्या सरळ रेषेत खाली असावं लागतं. वर वळलेलं टोक बारीक कोपऱ्यात पोचत नाही. पात्याच्या मध्यापासून टोकापर्यंत पाठीवर मार्करने उतरती रेषा काढा आणि फक्त पाठीकडून घासा. धारेला या वेळी हात लावायचा नाही.

ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा आणि हातमोजा न घालता धरा. बोटाला चटका बसला की थांबायचं. कार्बन स्टीलवर फिकट पिवळा रंग आला तर धोक्याची सूचना समजा. निळा आला की त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग निळा भाग पूर्ण जाईपर्यंत घासण्यावाचून इलाज नाही. हायस्पीड स्टील मात्र बरीच उष्णता सोसतं, पण लाल झालेलं पाण्यात टाकलं तर तडकतं.

अंगठा टेकतो तिथली पाठीची कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडून गोल करा. हे राहिलं तर अर्ध्या तासात अंगठा सोलवटतो.

मग मूठ

गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते न बघता कळत नाही. सागवान किंवा शिसवाची लंबगोल मूठ करा: लांबी १० ते १२ सेंटिमीटर, जाडी साधारण २८ बाय २२ मिलिमीटर. पात्याची शेपटी किमान ५ सेंटिमीटर आत जावी. अरल्डाइट गोंद भरून २४ तास हलवू नका. पातं आत जराही खुळखुळत असेल तर ती मूठ काढून पुन्हा बसवा. वरून उकळलेलं जवसाचं तेल पातळ चोळा. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.

शेवटी धार, आणि इथे घाई नको

विकतच्या चाकूला मोठ्या उताराच्या, म्हणजे धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बाजूच्या, शेवटी धारेलगत दुसरा छोटा उतार असतो. तो लाकडाला पाचर मारल्यासारखा फाडतो. आपल्याला पाठीकडून निघून थेट धारेपर्यंत जाणारा एकच सपाट उतार हवा. पातं २ मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर रुंद उतार ठेवा, एकूण कोन सुमारे २३ अंश होतो. दीड मिलिमीटरला पावणेचार मिलिमीटर पुरे. सागवान-शिसवासारखं कडक लाकूड कोरायचं असेल तर २ मिलिमीटरच्या पात्याला साडेचार ठेवा, नाहीतर धार तुटते.

जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा: १२०, २२०, ४००, ८००, १५०० या क्रमाने. उतारावर मार्कर फासा, उतार काचेवर पूर्ण टेकवा आणि पाठ पुढे ठेवून ओढा. आता रंग कुठे उरला ते बघा. धारेजवळ उरला असेल तर उताराचा वरचा भाग अजून उंच आहे, घासत राहा. इथेच बहुतेक जण कंटाळून पाठ जराशी उचलतात, धार लगेच आल्यासारखी वाटते आणि तोच नको असलेला दुसरा उतार पुन्हा तयार होतो. रंग फक्त टोकाशी उरला असेल तर ओढता ओढता मूठ किंचित उचला.

मुठीपासून टोकापर्यंत अखंड बर, म्हणजे घासल्याने धारेपलीकडे वळलेली बारीक खरखरीत कड, जाणवली की बाजू बदला. पाठीकडून धारेबाहेर बोट सरकवून ती तपासायची, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. शेवटी फळीवर ताणून चिकटवलेल्या कडक चामड्याला बफिंगची हिरवी पॉलिश फासून प्रत्येक बाजूने वीस-तीस वेळा ओढा. मऊ, जाड पट्टा नको, त्याने धार गोल होते.

परीक्षा मऊ लाकडावर घ्या. मध्य प्रदेशातल्या बुधनीची खेळणी दुधी नावाच्या ज्या झाडाच्या लाकडाची होतात ते किंवा शिवणीचं लाकूड चालेल. तुकड्याच्या टोकाकडे लाकडाच्या रेषांना आडवा काप घ्या. काप चकचकीत हवा. त्यात पांढरी रेघ उठली तर धारेत खाच आहे. लाकूड चेपलं तर धार बोथट आहे: दिव्याखाली धार वर करून बघा, चकाकणारा ठिपका दिसेल तीच जागा. धार वळत किंवा तुटत असेल तर १५०० च्या पेपरवर पाठ केसभर उचलून प्रत्येक बाजूने दोनच हात फिरवा. ही सूट फक्त इथे, आणि दोनच हात.

मालव्याच्या पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि धार रात्रीत गंजते. मशीनच्या तेलाचं बोट फिरवून पातं लाकडी खाचेत ठेवा.